बालक, प्राणी आणि चित्र : सहवाचनाच्या प्रश्नाचा आढावा

दोन-अडीच वर्षांचे मूल मांडीवर घ्यावे, प्राण्यांच्या चित्रांचे एखादे देखणे पुस्तक त्याच्यासमोर उघडावे आणि दोघांनी मिळून एकेक पान पाहत जावे, हा परिपाठ आता पुष्कळ घरांत इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे विद्वानांचे काही गंभीर मतभेद असतील, अशी शंकाही सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या सुमारे पन्नास वर्षांत मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, चित्रकला आणि निसर्गाभ्यास या क्षेत्रांतील लोकांनी या साध्या दिसणाऱ्या व्यवहाराची कसून तपासणी केली आहे. आणि त्यातून जे प्रश्न उपस्थित झाले त्यांपैकी काहींचा निकाल लागला आहे, काहींचा अंशतः लागला आहे, तर काही अद्याप तहकूबच आहेत. चित्रातला हत्ती आणि रस्त्याने जाणारा हत्ती यांचा संबंध मूल केव्हा जोडते, अंगरखा घातलेला ससा त्याला सशाविषयी काही शिकवतो की भलतेच काही, चित्राच्या सौंदर्याचा या साऱ्याशी संबंध किती, आणि फळ पुस्तकाचे म्हणावे की ते उघडून बसलेल्या माणसाचे, हे या चर्चेतील मुख्य मुद्दे होत. त्यांचा क्रमवार परामर्श घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

मुलांसाठी मुद्दाम रचलेल्या चित्रमय पुस्तकांचा इतिहास सांगताना युरोपीय अभ्यासक बहुधा कोमेनियसपासून आरंभ करतात. या मोरावियन शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’ हे पुस्तक १६५८ साली न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच्या वर्णमालेत बहुतेक वर्णांशेजारी एका प्राण्याचे लाकडी ठशावरून छापलेले चित्र असून त्या प्राण्याचा आवाज हाच त्या वर्णाचा उच्चार म्हणून दिलेला आहे. म्हणजे अक्षरओळखीचा मार्ग प्राण्याच्या चित्रातून आणि त्याच्या नादातून जातो, ही कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. पुढे १७९० साली न्यूकॅसल येथील टॉमस ब्यूइक याने चतुष्पाद प्राण्यांचा सचित्र ग्रंथ काढला. कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक कोरीव काम करण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे केसाळ कातडी, पिसांची रचना आणि पायाखालचे गवत इतक्या नेमकेपणाने छापता येऊ लागले की तो ग्रंथ मुलांच्याही हाती पडला. १९०२ साली बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्तीची पीटर सशाची गोष्ट प्रसिद्ध झाली. या बाईंनी बुरशीवर्गीय जीवांचा शास्त्रीय अभ्यास केला होता आणि त्यावरील त्यांचा निबंध १८९७ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीपुढे मांडला गेला होता, ही गोष्ट त्यांची चित्रे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेत १९३८ साली सर्वोत्तम चित्रपुस्तकासाठी कॅल्डेकॉट पदक सुरू झाले, तेव्हा पहिलेच पदक डोरोथी लॅथ्रॉप यांनी चितारलेल्या बायबलातील प्राण्यांच्या पुस्तकास मिळाले.

आपल्याकडे प्राण्यांच्या चित्रांची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे, पण ती मुलांसाठी नव्हती. अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत छद्दन्त जातकाची चित्रे आहेत, आणि त्या भिंतींवरील हत्तींचा कळप पाहताना सोंडेची वळणे, पाण्यात उतरण्याची ढब व अंगाचा भार यांचे निरीक्षण प्रत्यक्ष अरण्यात झाले असले पाहिजे याविषयी संशय राहत नाही. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने १६१२ साली परदेशातून आलेल्या टर्की पक्ष्याचे व १६२१ साली झेब्र्याचे जे चित्र काढले, ते आजच्या कोणत्याही बालपुस्तकात शोभून दिसेल. मात्र भिंतीवरचे चित्र यात्रेकरूंसाठी होते आणि मन्सूरचे चित्र बादशाही दप्तरासाठी.

सहवाचनाशी खरे नाते सांगणारी आपली परंपरा निराळीच आहे, आणि तिच्याकडे या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र उलटत, वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगत आले आहेत. तेथे चित्र मुके असते आणि निवेदक ते बोलते करतो. श्रोत्याची दृष्टी चित्रावर व कान निवेदकाकडे अशी विभागणी असते. मांडीवरच्या मुलाला पुस्तक दाखवणारी आई किंवा आजी नकळत हेच करीत असते.

मुद्रणयुगात मराठी मुलाला प्राणी भेटले ते मुख्यतः नीतिकथेतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या कथा १८२८ साली मराठीत आणल्या. त्याआधी बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून हितोपदेशाचे भाषांतर निघालेले होते. या ग्रंथांत सिंह, कोल्हा व कावळा यांना बोलावले जाते ते तात्पर्य सांगण्यासाठी, आणि चित्राचे स्थान तेथे गौण होते. सामान्य घरात चित्राची हौस भागवली ती अंकलिपीने : बदक, ससा, हत्ती यांची चौकटीत बसवलेली ती लहान चित्रे कित्येक पिढ्यांची पहिली चित्रशाळा होती. १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट आणि व्यंगचित्रकार शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था दिल्लीत स्थापन झाल्यानंतर स्वस्त किमतीची रंगीत पुस्तके मुबलक प्रमाणात निघू लागली. मिकी पटेल यांची रूपा हत्तीची गोष्ट त्याच धारेतील. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाने व माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने चित्राला मजकुराच्या बरोबरीचा मान दिला. २००४ साली सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने आणि चेन्नईच्या ‘तूलिका’ने अनेक भारतीय भाषांबरोबर मराठीतही पुस्तके आणल्यामुळे आज निवड करण्याइतका तरी साठा उपलब्ध आहे.

चित्र समजणे

पहिला शास्त्रीय प्रश्न असा की, कागदावरची आकृती म्हणजे वस्तू नव्हे तर वस्तूचे चित्र, हे मुलाला शिकवावे लागते की उपजत कळते. जूलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका मुलाला सुमारे एकोणीस महिन्यांचे होईपर्यंत चित्रांपासून जवळजवळ दूर ठेवले होते, आणि तरीही त्याने पुढे रेखाचित्रांतील परिचित वस्तू ओळखल्या. यावरून ओळखण्याची शक्ती शिकवणीवर अवलंबून नाही असे दिसते. परंतु ओळखणे वेगळे आणि चित्राचे स्वरूप कळणे वेगळे. ज्यूडी डीलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की नऊ महिन्यांची बालके पुस्तकातील चित्राला हाताने चाचपतात, ते पानावरून उचलू पाहतात. एकोणीस महिन्यांच्या सुमारास हा व्यवहार मागे पडून त्याची जागा बोट दाखवण्याने घेतली जाते. आयव्हरी कोस्टमधील बेंग जमातीच्या बालकांतही, जिथे पुस्तकांचा प्रसार नाही तिथेही, पानावरचे चित्र पकडू पाहण्याची हीच प्रवृत्ती आढळली.

याच मालिकेतील आणखी एक निष्कर्ष पुस्तक निवडणाऱ्याला थेट उपयोगाचा आहे. पॅट्रिशिया गानेआ आदींनी २००८ साली पंधरा व अठरा महिन्यांच्या मुलांना पुस्तकातून नव्या वस्तूंची नावे शिकवली आणि तीच नावे ती खऱ्या वस्तूला लावतात का हे पाहिले. छायाचित्रे आणि वास्तवदर्शी रंगचित्रे यांतून मुलांनी नाव सहज पुढे नेले. व्यंगचित्राच्या धाटणीच्या, सोप्या केलेल्या आकृतींतून ते कठीण गेले. तेव्हा अगदी लहान मुलाला सोपे चित्र कळते आणि बारीकसारीक तपशिलाचे कळत नाही, ही प्रकाशकांत रूढ असलेली समजूत फेरतपासणीस पात्र आहे. अर्थात प्रयोग वस्तूंच्या नावांपुरता होता. प्राण्याची चाल, त्याचा स्वभाव, त्याचे भय वा लोभसपणा या गोष्टी चित्रातून कशा पोचतात याचा निर्वाळा त्यातून मिळत नाही.

संवादाचे मत

दुसरे मोठे मत असे की पुस्तक हे निमित्त, खरे शिक्षण संभाषणात आहे. याचा पाया आनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ साली घातला. एकाच आई-मुलाच्या जोडीचे, मूल आठ महिन्यांचे असल्यापासून दीड वर्षाचे होईपर्यंत, निरीक्षण करून त्यांनी दाखवले की चित्रे पाहण्याचा खेळ ठरावीक क्रमाने चालतो : आई प्रथम लक्ष वेधते, मग हे काय असे विचारते, मग नाव सांगते, आणि मुलाने काहीही आवाज काढला तरी त्याला उत्तर समजून शाबासकी देते. हा क्रम आपल्या घरांतही तसाच दिसतो. आजी पान उघडून ‘अगंबाई, कोण आलंय बघ!’ म्हणते, थांबते, नातीकडे पाहते. नात हात उंचावून ‘हम्मा’ म्हणते. पान म्हशीचे असले तरी आजी ‘हो, हम्मा, काळी काळी म्हैस’ असे म्हणून तिचा शब्द स्वीकारते आणि त्याच वाक्यात नवा शब्द तिच्या पदरात टाकते. चूक दाखवली गेली नाही, सुधारणा मात्र झाली. या लहानशा देवघेवीत चुकीची भीती मुळीच नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे मोल पुढील सर्व आकडेवारीहून अधिक आहे.

आकडेवारीचीही हकिकत सांगितली पाहिजे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालकांच्या एका गटाला चार आठवडे एवढेच शिकवले की वाचून दाखवण्यापेक्षा विचारावे, हो-नाहीत उत्तर संपणार नाही असे प्रश्न करावेत, मुलाचे वाक्य वाढवून परत द्यावे. तुलनेसाठी घेतलेले पालकही तितक्याच वेळा वाचत होते; तरीही शिकवलेल्या गटातील मुलांची बोलीभाषा स्पष्टपणे पुढे गेली, आणि नऊ महिन्यांनी घेतलेल्या फेरचाचणीतही काही अंतर टिकून राहिले. या पद्धतीस संवादात्मक वाचन असे नाव मिळाले व तिचा प्रसार जगभर झाला. १९८९ साली बॉस्टन येथे बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातूनच पुस्तके देण्याची योजना निघाली, १९९२ साली बर्मिंगहॅम येथे ‘बुकस्टार्ट’ सुरू झाली, आणि २०१४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शैशवापासूनच मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस अधिकृतपणे केली.

परंतु या उत्साहाला आवर घालणारे आवाजही उठले. हॉलिस स्कारबरो आणि वांडा डॉब्रिच यांनी १९९४ साली तोवरच्या संशोधनाची छाननी करून परिणाम सांगितला जातो त्यापेक्षा माफक असल्याचे मत मांडले. लगेच पुढच्या वर्षी एड्रियाना बस आदींनी अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित करून सहवाचनामुळे मुलांच्या भाषिक प्रगतीतील फरकाचा सुमारे आठ टक्के भाग स्पष्ट होतो असे काढले. दोन्ही पक्षांचे आकडे एकमेकांपासून फार दूर नव्हते. आठ टक्के थोडे म्हणावे की पुष्कळ, यावरच खरा वाद होता. मुलाच्या भाषेवर वारसा, सांपत्तिक स्थिती, भावंडे, शेजार असे असंख्य प्रभाव पडत असताना संध्याकाळच्या वीस मिनिटांना एवढा हिस्सा मिळावा ही सामान्य गोष्ट नव्हे, असे म्हणणाऱ्यांकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे.

अधिक मूलगामी आक्षेप शर्ली ब्राइस हीथ यांचा. अमेरिकेच्या कॅरोलायना भागातील तीन वस्त्यांचा दीर्घ अभ्यास करून १९८२ साली त्यांनी लिहिले की मुलाला झोपताना पुस्तक वाचून दाखवणे हा सार्वत्रिक मानवी धर्म नसून एका विशिष्ट मध्यमवर्गाची रीत आहे. गिरणी कामगारांच्या कृष्णवर्णीय वस्तीत पुस्तके दाखवण्याचा प्रघात नव्हता, पण तेथील मुले कथा रचून सांगण्यात तरबेज होती. ती शाळेत मागे पडत, कारण शाळेला अपेक्षित असलेली प्रश्नोत्तरे त्यांना ठाऊक नव्हती. हा मुद्दा महाराष्ट्रात विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ज्या घरात पुस्तक नाही पण चिऊकाऊची गोष्ट रोज घासागणिक सांगितली जाते, त्या घराला वाचनसंस्कारहीन म्हणणे न्यायाचे होणार नाही.

बोलणारे प्राणी : मुख्य वाद

सर्वांत तीव्र मतभेद आहेत ते प्राण्यांच्या मानवीकरणाविषयी. मारिया मॉन्टेसरी यांची भूमिका अशी की लहान मुलाला प्रथम वास्तव जगाचा ठाव लागू द्यावा. खरे काय आणि कल्पित काय हे ज्याला निवडता येत नाही त्याला बोलणारे अस्वल देणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होय. १९२१ साली न्यूयॉर्कच्या ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनीही मुलाच्या डोळ्यांसमोरचे, आजचे आणि इथले जग सांगणाऱ्या गोष्टींचा पुरस्कार केला. भारतात या मताची गाठ एका समर्थ प्रतिवादाशी पडली. भावनगर येथे १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका मॉन्टेसरी पद्धतीचे निष्ठावंत अनुयायी असूनही कथेच्या बाबतीत त्यांनी आपल्या गुरूची री ओढली नाही. लोककथा, पशुपक्ष्यांच्या कथा त्यांनी सढळपणे सांगितल्या आणि कथाकथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्याद्वारे ही दृष्टी महाराष्ट्रात, बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत आली. मॉन्टेसरींचे साहित्य आणि गिजुभाईंची गोष्ट अशी दोन्ही मराठी बालशिक्षणाने एकत्र नांदवली.

अर्वाचीन संशोधन प्रथमदर्शनी मॉन्टेसरींच्या बाजूने झुकते. गानेआ यांच्याच गटाने २०१४ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांना अपरिचित असलेल्या प्राण्यांची पुस्तके दाखवली. मजकुरात प्राण्याला मानवी भावना व बोलणे दिले असता मुलांनी खऱ्या प्राण्यासंबंधीही तशीच मानवी वैशिष्ट्ये सांगितली आणि वास्तव माहिती कमी उचलली. त्याच वर्षी सँड्रा वॅक्समन आदींनी पाच वर्षांच्या शहरी मुलांना अस्वलांविषयीची दोन पुस्तके वाचून दाखवली, एक प्राणिकोश आणि एक मानवी कुटुंबासारख्या राहणाऱ्या अस्वलांची गोष्ट. कोश ऐकलेल्या मुलांनी सजीवांकडे अधिक जीवशास्त्रीय दृष्टीने पाहिले. नीतिकथेच्या पक्षालाही धक्का बसला : कॅनडातील एका प्रयोगात वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या रूपात ऐकलेल्या मुलांनी नंतर अधिक वाटून दिले, आणि तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांच्या रूपात ऐकलेल्यांत तसा परिणाम दिसला नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की एका बैठकीत वाचलेल्या पुस्तकाचा लगेच मोजलेला परिणाम म्हणजे बालपण नव्हे. मानवीकरणामुळे मूल प्राण्याच्या सुखदुःखाशी समरस होते, भीती वा मत्सर यांसारख्या अवघड भावना प्राण्याच्या आडून सुरक्षितपणे पाहू शकते, आणि ही समरसता पुढे निसर्गप्रेमाचे बीज ठरू शकते, असे ते मांडतात. नंतरच्या काही प्रयोगांत मानवीकृत गोष्टींतूनही मुलांनी खरी माहिती उचलल्याचे आढळले आहे. शिवाय पंचतंत्राची साक्ष काढली जाते, पण ती जपून काढावी. विष्णुशर्म्याचे श्रोते राज्यकारभार शिकायला बसलेले राजपुत्र होते. करटक-दमनकांचे कारस्थान ज्यांच्यासाठी रचले ते मांडीवरचे मूल नव्हते.

या वादात वयाचा मुद्दा पुरेशा बारकाईने घेतला गेलेला नाही, आणि चित्र व मजकूर यांची गल्लत होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गानेआ यांच्या २०१४ च्या प्रयोगात चित्रे वास्तव ठेवून केवळ भाषा बदलली होती, तरी परिणाम घडला. उलट पॉटरबाईंच्या सशाकडे पाहा. त्याच्या अंगात निळे जाकीट आहे, पण जाकिटाखाली खांद्याची जी ठेवण आहे, मागच्या पायांचे जे सांधे आहेत, कान मागे पडण्याची जी रीत आहे ती सर्व सशाची आहे; आणि माळ्याच्या मळ्यातून पळताना त्याचे जोडे हरवतात, तेव्हा तो चार पायांवर येऊन खऱ्या सशासारखा धावतो. मानवी वेष आणि प्राणिदेह यांतील अंतर तेथे चित्रानेच उघड केले आहे. अशा पुस्तकाला आणि केवळ नावापुरत्या अस्वलांच्या घरगुती गोष्टीला एकाच सदरात नोंदवणे योग्य होणार नाही.

सौंदर्याचा प्रश्न

येथवरच्या सर्व संशोधनात एक शब्द क्वचितच येतो, तो म्हणजे सुंदर. चित्र वास्तव आहे की नाही, पानावर किती चित्रे आहेत, उघडझाप करणाऱ्या पट्ट्या आहेत की नाहीत, या गोष्टी मोजता येतात म्हणून मोजल्या गेल्या. त्यांची फलिते आस्थेने पाहण्याजोगी आहेत. मेधा तारे, सिंथिया चिओंग, गानेआ व डीलोश यांनी २०१० साली दाखवले की पट्ट्या ओढण्याच्या व उभ्या राहणाऱ्या चित्रांच्या पुस्तकांतून लहान मुले प्राण्यांची नावे साध्या पुस्तकापेक्षा कमी शिकतात, कारण लक्ष हाताच्या खेळात गुंतते. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रे असण्यापेक्षा एका वेळी एकच चित्र असले तर शब्द अधिक चांगले कळतात, असेही आढळले आहे. तीच गोष्ट पुनःपुन्हा वाचल्याने तीन वर्षांची मुले नवे शब्द अधिक पक्के शिकतात, हे २०११ सालच्या जेसिका हॉर्स्ट आदींच्या प्रयोगावरून कळते. मुलाचा ‘पुन्हा, पुन्हा’ हा हट्ट त्याच्या हिताचाच असतो.

एरिक कार्ल यांचे १९६९ सालचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक या संदर्भात नेहमी चर्चेत येते. स्वतः रंगवलेला पातळ कागद कापून चिकटवलेली ती चित्रे, आणि सुरवंटाने खाल्ल्याच्या खुणा म्हणून पानापानाला पाडलेली, बालबोटाच्या मापाची भोके. ती छपाई अमेरिकेत परवडेना म्हणून पहिली आवृत्ती जपानात छापून घ्यावी लागली. या पुस्तकावर शास्त्रीय आक्षेप असा की फुलपाखरू रेशमी कोशातून बाहेर येत नाही, तो प्रकार पतंगांचा; आणि पाने सोडून केक व सॉसेज खाणारा सुरवंट सृष्टीत नाही. तरीही अंडे, अळी, कोश आणि पंख हा क्रम असंख्य मुलांच्या मनावर ठसला तो याच पुस्तकाने. माहितीची अचूकता आणि चित्राची पकड यांत तफावत पडली तर वजन कशाला द्यावे, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेले नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने हाताने छापलेल्या पुस्तकांत भज्जू श्याम, दुर्गाबाई यांच्यासारख्या गोंड चित्रकारांचे पशुपक्षी आणि वृक्ष आणले. गोंड चित्रातील हरीण ठिपक्यांनी व रेघांनी भरलेले असते. त्याची शिंगे पाहता पाहता झाडाच्या फांद्या होतात. गानेआ यांच्या २००८ सालच्या प्रयोगाच्या निकषावर ते वास्तवदर्शी ठरणार नाही. परंतु अरण्याच्या सान्निध्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाची ती दृष्टी आहे, आणि अशी चित्रे सव्वा-दीड वर्षाचे मूल कशी वाचते याचा तपास होणे अगत्याचे आहे.

सौंदर्याचे एक कार्य मात्र संशोधकांच्या नजरेतून निसटले आहे असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. पुस्तक एकटे मूल पाहत नाही. तेच पुस्तक महिनोन्‌महिने रोज उघडणारे मोठे माणूस जर त्या चित्राला कंटाळले, तर त्याचे बोलणे आटते, प्रश्न यांत्रिक होतात, पाने भराभर उलटली जातात. उलट ज्या चित्रात प्रत्येक वेळी काही नवे सापडते, वाघाच्या पंजाखाली दबलेले पान, बगळ्याच्या चोचीतली मासोळी, कोपऱ्यातला बेडूक, तेथे आजोबाही मुलाइतक्याच कुतूहलाने थांबतात. संवादच फलदायी असेल, तर मोठ्याला बोलते ठेवणारे चित्र हा त्या संवादाचा आधार ठरतो. व्हाइटहर्स्टपासूनच्या प्रयोगांत पुस्तकाच्या चित्रगुणानुसार पालकांच्या बोलण्याची प्रत बदलते का, हा स्वतंत्र मुद्दा म्हणून घ्यायला हवा होता.

छापील पान आणि पडदा

छापील पुस्तक की पडद्यावरचे, या उपप्रश्नाचा निकाल बराचसा लागला आहे, म्हणून थोडक्यात. २०१५ सालच्या एका एकत्रित विश्लेषणाप्रमाणे पडद्यावरील पुस्तकात गोष्टीला पूरक हालचाल व ध्वनी असल्यास मदत होते, पण मध्येच खेळ व दाबण्याची बटणे असल्यास लक्ष विचलित होते. २०१९ साली अमेरिकेत लहान मुले व त्यांचे पालक यांचे निरीक्षण केले असता विद्युत्‌पुस्तकाच्या वेळी दोघांतील गोष्टीविषयीचे बोलणे कमी झाले आणि यंत्र कोणी धरायचे यावरची ओढाताण वाढली. तथापि ‘स्टोरीवीव्हर’सारख्या २०१५ साली सुरू झालेल्या मुक्त संग्रहामुळे जिथे छापील पुस्तक पोचत नाही तिथे मराठी चित्रपुस्तक विनामूल्य पोचते, ही जमेची बाजू वरील निष्कर्षांत धरलेली नाही.

अनिर्णित बाबी

वर उल्लेखिलेले बहुतेक प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या, उत्तर अमेरिकेतील, आईबाप आणि एक-दोन मुले अशा कुटुंबांत झालेले आहेत. आपल्या घरात मुलाला पुस्तक दाखवणारी पुष्कळदा आजी असते, कधी मोठी बहीण, कधी सांभाळणाऱ्या मावशी; घरात मराठीबरोबर कोकणी, अहिराणी किंवा हिंदी बोलली जाते, आणि पुस्तक इंग्रजी असले तरी आजी ते मराठीत सांगते. मजकूर बाजूला ठेवून चित्रावर बोलण्याचा हा प्रघात संवादात्मक वाचनाच्या अगदी जवळ जातो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात व कर्नाटकातील यादगीर येथे भारतीय भाषांतील वाचनशिक्षणाचा जो बहुवर्षीय अभ्यास झाला तो मोलाचा आहे, पण तो शाळेच्या पहिल्या इयत्तांचा. तीन वर्षांखालील मुलाचे घर त्याच्या कक्षेबाहेर होते.

दुसरी बाब प्राण्यांच्या निवडीची. कॅल्डेकॉट पदकप्राप्त व गौरवप्राप्त पुस्तकांची १९३८ ते २००८ या काळातील तपासणी करणाऱ्या नेब्रास्काच्या अभ्यासकांना त्या चित्रांतून नैसर्गिक परिसर व वन्य प्राणी हळूहळू कमी होत गेल्याचे दिसले. आपल्या बाजारातील पुठ्ठ्याच्या पानांच्या पुस्तकांत वन्य प्राणी आहेत, पण ते जिराफ, झेब्रा, पेंग्विन. राज्यप्राणी असलेले शेकरू, रात्री गावाबाहेर ऐकू येणारा कोल्हा, बांधावरची टिटवी, कुंपणातले मुंगूस, कौलावरून जाणारी घोरपड यांची तितकीच सुंदर, तितकीच नेमकी चित्रे मिळणे त्या मानाने दुर्मिळ आहे. जवळच्या प्राण्यापासून आरंभ केल्याने मुलाची समज अधिक खोल होते, की दूरच्या विलक्षण प्राण्याने कुतूहल अधिक जागते, याविषयी दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलले जाते, परंतु दोन्ही बाजू अनुमानावरच उभ्या आहेत.

याची रुजुवात करण्यास महाराष्ट्राइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. ठाण्याच्या इमारतीत वाढणारे, कोंबडी चित्रातच पाहिलेले मूल आणि शेजारच्या जिल्ह्यातील पाड्यावर कोंबड्या-शेळ्यांत वाढणारे, पण चित्र क्वचित पाहिलेले मूल, ही दोघे काही तासांच्या अंतरावर राहतात. दोघांच्याही घरी तेच एक पुस्तक, तेच शेळीचे पान काही महिने ठेवून, आजी काय बोलते आणि मूल काय म्हणते याची नोंद करण्याचे काम एखाद्या बालवाडी प्रशिक्षण संस्थेला किंवा विद्यापीठाच्या विभागाला सहज पेलण्यासारखे आहे, आणि चित्रातून प्राण्याकडे तसेच प्राण्याकडून चित्राकडे जाणाऱ्या दोन्ही वाटांचा तपास तेथे एकाच वेळी लागू शकेल.